मुका ‘मी’ : ‘हाफ-लाइफ’ या संगणक-खेळाचे गुणदोष

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात कविता असतात, प्रवासवर्णने असतात, एखाद्या कादंबरीचे रसग्रहण असते. संगणकावरच्या खेळाचे रसग्रहण सहसा नसते. व्हिडिओ गेम म्हटला की घरातील वडीलधाऱ्यांना वाया गेलेला वेळ आठवतो आणि गुरुजनांना परीक्षेचा निकाल. या तक्रारी सर्वस्वी निराधार आहेत असे कोणताही विद्यार्थी प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. परंतु एखादी गोष्ट वाईट ठरविण्यापूर्वी ती मुळात काय आहे हे पाहावे लागते, आणि चांगली ठरविण्यापूर्वीही तेच करावे लागते. प्रस्तुत लेखात मी एका खेळाकडे त्याच दृष्टीने पाहणार आहे.

खेळाचे नाव ‘हाफ-लाइफ’. तो १९९८ साली अमेरिकेत तयार झाला, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. इतका जुना खेळ निवडण्याचे एक कारण अगदी साधे आहे. आमच्या घरी मावसभावाने वापरून झालेला संगणक आहे. त्यावर आजचे खेळ सुरूही होत नाहीत. हा मात्र सुरळीत चालतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये या खेळाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने निर्मात्यांनी तो काही दिवस फुकट दिला, आणि तेव्हाच तो माझ्याकडे आला. दुसरे कारण मात्र अभ्यासाचे आहे. मराठीच्या तासाला ‘निवेदक’ हा भाग शिकत असताना प्रथमपुरुषी निवेदनाची ताकद कोणती आणि मर्यादा कोणती, हा प्रश्न माझ्यासमोर आला. त्याचे अर्धे उत्तर मला पुस्तकांत मिळाले आणि उरलेले अर्धे या खेळात.

प्रथमपुरुषी खेळ म्हणजे काय?

या प्रकाराला इंग्रजीत ‘फर्स्ट पर्सन शूटर’ म्हणतात. आपल्या भाषेत म्हणायचे तर ‘प्रथमपुरुषी नेमबाजी’. नाव व्याकरणातून आले आहे हे मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे. इतर पुष्कळ खेळांत नायक पडद्यावर दिसतो. आपण त्याला पळवतो, उड्या मारायला लावतो, पण तो ‘तो’च असतो. येथे नायक दिसतच नाही. दिसते ते त्याच्या डोळ्यांसमोरचे जग, आणि पडद्याच्या खालच्या कडेला त्याचे हात व हातातले हत्यार. माऊस हलविला की मान वळते, कळ दाबली की पाऊल पुढे पडते. वळणापलीकडे काय आहे हे नायकाला ठाऊक नसते, तसेच ते खेळणाऱ्यालाही ठाऊक नसते. पाठीमागून कोणी आले तर दोघांनाही ते सारखेच उशिरा कळते.

हा प्रकार जगभर लोकप्रिय केला तो ‘इड सॉफ्टवेअर’ या अमेरिकन कंपनीने. तिचा ‘वुल्फेन्स्टाइन थ्री-डी’ १९९२ साली आला, ‘डूम’ १९९३ साली आणि ‘क्वेक’ १९९६ साली. या खेळांत वेग होता, थरार होता, तंत्राची कमाल होती. कथा मात्र तोंडी लावण्यापुरती. समोर राक्षस आहेत, त्यांना मारा, किल्ली शोधा, दार उघडा आणि पुढे चला. म्हणजे ‘मी’ होता, पण तो ‘मी’ म्हणजे नुसती चालती बंदूक होती. या बंदुकीमागे माणूस उभा करण्याचा मोठा प्रयत्न ‘हाफ-लाइफ’ने केला. तो कितपत साधला, हाच या लेखाचा विषय.

खेळाची हकीकत

‘हाफ-लाइफ’ हे वॉल्व्ह या कंपनीचे पहिलेच अपत्य. गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन या दोघांनी मायक्रोसॉफ्टमधील नोकऱ्या सोडून १९९६ साली वॉशिंग्टन राज्यात ही कंपनी काढली. ‘क्वेक’मागची संगणकीय यंत्रणा त्यांनी परवाना घेऊन मिळवली आणि तीत भरपूर फेरफार केले. खेळ १९९७ च्या अखेरीस बाजारात आणायचा बेत होता. परंतु जे तयार झाले होते त्याने निर्मात्यांचेच समाधान होईना. तेव्हा त्यांनी झालेले बहुतेक काम बाजूला सारून खेळ नव्याने रचावयास घेतला आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये तो बाहेर आला. लेखकाने पहिला खर्डा बाजूला ठेवून दुसरा लिहावा, तसाच हा प्रकार. कथेची बाजू सांभाळण्यासाठी त्यांनी मार्क लेडलॉ नावाचा एक कादंबरीकार आपल्यात घेतला होता, हेही साहित्याच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे असे आहे.

नाव भौतिकशास्त्रातले आहे. किरणोत्सारी पदार्थातील निम्मे अणू क्षय पावण्यास जो काळ लागतो त्याला ‘हाफ-लाइफ’ म्हणतात. कथा घडते ती न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातील ‘ब्लॅक मेसा’ नावाच्या एका प्रचंड भूमिगत संशोधन केंद्रात. नायक गॉर्डन फ्रीमन हा सत्तावीस वर्षांचा शास्त्रज्ञ, एम.आय.टी. या विख्यात संस्थेचा पीएच.डी. तो त्या दिवशी कामावर उशिरा पोहोचतो. संरक्षक पोशाख चढवून त्याने एवढेच करायचे असते : गाड्यावर ठेवलेला एका अनोळखी स्फटिकाचा नमुना ढकलत नेऊन किरणांच्या झोतात सारायचा. प्रयोग फसतो. ‘झेन’ नावाच्या दुसऱ्याच जगाची दारे उघडतात आणि तिकडचे जीव केंद्रात घुसतात. वर जाऊन मदत आण, असे वाचलेले सहकारी फ्रीमनला सांगतात. मदतीला म्हणून लष्कर येते, पण ते आलेले असते प्रकरण दडपायला. सैनिक शास्त्रज्ञांनाच गोळ्या घालू लागतात. दोन्हीकडून कोंडीत सापडलेला फ्रीमन वाट काढत शेवटी झेनमध्ये शिरतो आणि तिथल्या अधिपतीचा नाश करतो. या सर्व काळात हातात ब्रीफकेस घेतलेला, सूट घातलेला एक गूढ इसम दुरून पाहत उभा असलेला अधूनमधून दिसतो.

गोष्ट एवढीच. ती फार अपूर्व आहे असे नाही. अपूर्व आहे ती सांगण्याची रीत.

गुण

पहिला गुण हा की खेळ आपली दृष्टी कधीच हिरावून घेत नाही. त्या काळच्या अनेक खेळांत महत्त्वाचा प्रसंग आला की खेळ थांबे आणि एक लहानसा चित्रपट सुरू होई. त्यात आतापर्यंत ‘मी’ असलेला नायक एकदम ‘तो’ होऊन समोर उभा राही आणि बोलू लागे. खेळणाऱ्याने हात चोळत बघत बसायचे. ‘हाफ-लाइफ’मध्ये असे एकदाही होत नाही. पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत जे काही दिसते ते फ्रीमनच्या डोळ्यांनी. सैनिक त्याला पकडून बेशुद्ध करतात तो प्रसंगसुद्धा जमिनीवर पडलेल्या माणसाला वर जसे दिसेल तसाच दिसतो.

कादंबरीतील प्रथमपुरुषाशी याची तुलना केली तर फरक स्पष्ट होतो. नेमाड्यांच्या ‘कोसला’तील पांडुरंग सांगवीकर आपल्याला ‘मी’ म्हणून सगळे सांगतो, पण ते घडून गेल्यावर सांगतो. त्याचे क्रियापद भूतकाळी असते आणि काय सांगायचे, काय गाळायचे हे ठरविणारा तोच असतो. खेळातील ‘मी’ काही सांगत नाही, तो करतो. त्याचा काळ चालू वर्तमान असतो. निर्मात्यांनी घटनासुद्धा घड्याळावर न बांधता खेळणाऱ्याच्या पावलांवर बांधल्या आहेत. आपण अमुक दारापाशी पोहोचलो की छत कोसळते. पोहोचलो नाही तर ते आपली वाट पाहत थांबते. त्यामुळे सगळे आपल्यामुळेच घडते आहे अशी भावना मनात राहते. कागदावरच्या निवेदकाला ही किमया साधणार नाही.

दुसरा गुण म्हणजे येथे जागा बोलते. खेळाचा आरंभ गोळीबाराने होत नाही. आपण एका लहानशा ट्रामच्या डब्यात उभे असतो आणि जवळजवळ पाच मिनिटे ती ट्राम आपल्याला केंद्राच्या पोटात नेत राहते. करण्यासारखे काही नसते. डब्यातल्या डब्यात फिरावे आणि खिडकीतून बघावे. अवजड सामान वाहणारी यंत्रे दिसतात, कुठे हिरव्या रसायनाचे डबके दिसते, बंद दार ठोठावत उभा असलेला एक पहारेकरी दिसतो. आपण नोकरीवर निघालेला माणूस आहोत, ही जागा आपल्याहून कितीतरी मोठी आहे आणि तिचा कारभार आपल्याला पूर्ण कळणारा नाही, हे एकही वाक्य न सांगता मनावर ठसते.

या गुणाचे मोल माझ्यासारख्यास विशेष वाटते. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. खेळातील पात्रे अमेरिकन इंग्रजीत भराभर बोलतात आणि पहिल्या खेपेस त्यातले निम्मे माझ्या डोक्यावरून गेले. तरीही कथा कोठे तुटली नाही. सैनिक प्रथम येतात तो प्रसंग पाहा. एक शास्त्रज्ञ सुटका झाली असे समजून हात वर करून आनंदाने सैनिकाकडे धावतो आणि सैनिक त्याला तिथेच गोळी घालतो. शासन आणि लष्कर यांचा हेतू काय आहे हे कळण्यास त्यापुढे कोणत्याही भाषेची गरज उरत नाही.

तिसरा गुण शत्रूंच्या रचनेत आहे. पूर्वीच्या खेळांतील शत्रू सरळ अंगावर धावून येत आणि मरत. येथील सैनिक बिनतारी यंत्रावरून एकमेकांशी बोलतात, आडोसा घेतात, बाजूने वळसा घालून येतात. आपण खोक्यामागे दडून बसलो तर बाहेर काढण्यासाठी हातबॉम्ब टाकतात. त्यांच्याशी लढताना नेमाइतकेच डोकेही वापरावे लागते. एका प्रकरणात तर बंदूक जवळजवळ निरुपयोगी ठरते. रॉकेटचे इंजिन तपासण्याच्या एका खोल विहिरीत तीन लांबलचक माना असलेला प्राणी बसलेला असतो. त्याला दिसत नाही, पण आवाज कळतो. त्याला गोळ्यांनी मारता येत नाही. दबकत चालायचे, दुसरीकडे हातबॉम्ब टाकून त्याचे लक्ष वळवायचे, इंधन, प्राणवायू आणि वीज यांचा पुरवठा एकेक करून सुरू करायचा आणि शेवटी इंजिनच पेटवून द्यायचे. श्वास रोखून चालणे म्हणजे काय ते या प्रकरणात कळते. खेळातील सर्वांत प्रसिद्ध हत्यारही बंदूक नाही. ती एक साधी कटावणी आहे. तिने खोकी फोडायची, काचा फोडायच्या, अडलेली वाट मोकळी करायची.

चौथा गुण खेळाच्या बाहेरचा आहे. वॉल्व्हने आपला कारखाना कुलपात ठेवला नाही. नवे नकाशे आणि नवे खेळ रचण्याची साधने त्यांनी इतरांना मोकळी करून दिली. त्यांचा उपयोग करून मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी १९९९ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ रचला. पुढे तो वॉल्व्हनेच आपलासा केला. २००० नंतरच्या दशकात पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंत तासाचे पैसे भरून मुले जो खेळ खेळत, तो हाच. मूळ ‘हाफ-लाइफ’चे नावही न ऐकलेल्या कित्येकांनी त्याची ही शाखा मनमुराद खेळली आहे.

दोष

आता दुसरी बाजू. सर्वांत उघड दोष शेवटच्या भागाचा. ब्लॅक मेसाच्या ओळखीच्या खोल्या, कचेऱ्या, मालगाड्या मागे टाकून आपण झेनमध्ये जातो आणि खेळाचा जीव निघून जातो. हवेत तरंगणारे खडक, त्यांवरून मारायच्या लांब उड्या, चुकली उडी की मृत्यू. इतका वेळ जागा बोलत होती. इथे ती मुकी होते, कारण या जागेत कोणी राहत होते, कामावर जात होते असे वाटतच नाही. चाहत्यांच्या एका गटाने हा खेळ ‘ब्लॅक मेसा’ या नावाने नव्याने बांधला. तो २०१२ साली आला तेव्हा त्यात झेनचा भाग नव्हता. तो नीट रचून पूर्ण खेळ बाहेर पडायला २०२० उजाडले. मूळ खेळाचे दुबळे अंग कोणते होते हे यावरून समजावे.

दुसरा दोष माणसांचा. एवढ्या मोठ्या केंद्रात शास्त्रज्ञांना चेहरे चारच. तेच चार चेहरे पुन्हा पुन्हा भेटतात, मरतात आणि पुढच्या दालनात पुन्हा भेटतात. शास्त्रज्ञांत एकही स्त्री नाही. स्त्रीचा आवाज आहे तो पोशाखात बसविलेल्या यंत्राचा, किंवा सरावाच्या वेळी सूचना देणाऱ्या आकृतीचा. हिंडणाऱ्या-फिरणाऱ्या स्त्रिया दिसतात त्या फक्त मारेकरी म्हणून, आणि त्या तोंडातून शब्द काढत नाहीत. सहकाऱ्यांशी आपला संबंधही कामापुरता : एक कळ दाबली की ते मागे येतात, पुन्हा दाबली की थांबतात. शास्त्रज्ञाला बरोबर न्यायचे ते बहुधा त्याच्या डोळ्याची ओळख पटवून दार उघडण्यासाठी. दार उघडले की त्याची गरज संपली.

तिसरा दोष स्वातंत्र्याच्या आभासाचा. आपल्यामुळे सगळे घडते असे वाटते, हे वर गुणांत सांगितले. पण दुसऱ्यांदा खेळताना दिसते की वाट एकच आहे. जे दार उघडायचे तेच उघडते, बाकीची दारे केवळ रंगविलेली. शिवाय एक कळ दाबून हवे तेव्हा खेळ साठवता येतो आणि मेल्यावर त्याच क्षणापासून पुन्हा सुरू करता येतो. सोय मोठी आहे. पण ज्या कथेत मरण इतके स्वस्त, तिथे जिवाची धास्तीही स्वस्त होते.

चौथा दोष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या खेळातला ‘मी’ मुका आहे. गॉर्डन फ्रीमन आरंभापासून अखेरपर्यंत एक शब्द बोलत नाही. याचे समर्थन असे करतात की नायक बोलला तर तो वेगळा माणूस होईल, गप्प राहिला तर खेळणारा स्वतःचे मन त्याच्यात ओतू शकेल. ट्रामच्या डब्यात हे पटते. विहिरीतल्या प्राण्यासमोर तर ते पूर्ण पटते, कारण तिथे बोलणे म्हणजे मरणच. पण जिथे दुसरे माणूस समोर उभे राहून आपल्याशी बोलते, तिथे काय? शास्त्रज्ञ बोलतात, विनंती करतात, रडतात आणि उत्तराची वाट न पाहता गप्प होतात. त्यांनाही ठाऊक असल्यासारखे वाटते की हा माणूस काही बोलणार नाही.

एकदा मी हा खेळ खेळत असताना अण्णा मागे उभे राहून पाहत होते. ते मार्केट यार्डात हमाली करतात. हा नायक कोण, असे त्यांनी विचारले. मी सांगितले की हा मोठा शास्त्रज्ञ आहे, पीएच.डी. झालेला. पडद्यावर त्या वेळी फ्रीमन तो नमुन्याचा गाडा ढकलत होता. अण्णा म्हणाले, “एवढा शिकल्याला माणूस, आन् गाडाच ढकलतोय व्हय?” मला हसू आले, पण प्रश्न बिनतोड आहे. फ्रीमनचे शिक्षण खेळात कोठेही उपयोगी पडत नाही. प्रयोग करावा की करू नये हे त्याला कोणी विचारत नाही. यंत्रात काही बिघाड आहे अशी शंका इतर शास्त्रज्ञ त्याच्या देखत बोलून दाखवतात आणि तो ऐकून गाडा ढकलतो. पुढेही तो बटणे दाबतो, झडपा फिरवतो, दारे फोडतो. एवढी मोठी पदवी असलेला माणूस फक्त हातांचा बनलेला आहे. गाडा ढकलण्यात कमीपणा आहे असे मी म्हणणार नाही. त्या कामावरच आमचे घर चालते. पण शिक्षण कशासाठी, या प्रश्नाचे माझ्या घरातले उत्तर असे आहे की शिकलेल्या माणसाला चार लोकांत उभे राहून आपले म्हणणे मांडता यावे. आमच्या घरात बोलणारे पुष्कळ झाले. कागदावर ‘मी’ असे लिहून त्यापुढे स्वतःचे मत लिहिणारा मीच पहिला. त्यामुळे पीएच.डी. झालेला मुका नायक मला नुसता सोयीचा वाटत नाही, तो खटकतो.

या मुकेपणाची किंमत इतरांना मोजावी लागते. झेनमधून येणाऱ्या जीवांत विजेचे लोळ फेकणारे एक जातीचे प्राणी आहेत. पुढे त्यांचे नाव ‘व्होर्टिगाँट’ असे सांगितले गेले. आरंभापासून खेळणारा त्यांना ढिगाने मारत येतो. त्यांच्या गळ्यात आणि मनगटांवर हिरवी कडी असतात. ती कसली हे कोणी सांगत नाही. खेळ संपत आला की आपण झेनमधील एका कारखान्यात पोहोचतो, आणि तिथे हेच प्राणी मुकाट्याने राबताना दिसतात. आपण त्यांना काही केले नाही तर तेही आपल्याला काही करत नाहीत. तेव्हा उलगडा होतो की ही गळपट्टी गुलामीची होती. ज्यांना आपण इतका वेळ शत्रू समजत होतो ते कोणाच्या तरी हुकमाने लढायला पाठविलेले गुलाम होते. हा विचार मोठा आहे. एखाद्या कथालेखकाने यावर आपली सारी कथा उभी केली असती. परंतु खेळात या ज्ञानाचे करायचे काय? त्यांना विचारता येत नाही, त्यांची क्षमा मागता येत नाही, त्यांना सोडवतो असे सांगता येत नाही. आपल्या हातात बंदूक आहे. ती झाडावी किंवा न झाडावी, एवढेच शक्य.

व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर या खेळाजवळ कर्ता उत्तम आहे, पण क्रियापदे फार थोडी आहेत. मारणे, पळणे, लपणे, ढकलणे, दाबणे. विचारणे नाही, सांगणे नाही, नाकारणे नाही. अशा खेळांतील हिंसेविषयी नेहमी चर्चा होते. जर्मनीत हा खेळ विकताना त्यातील सैनिकांच्या जागी यंत्रमानव घालण्यात आले, म्हणजे माणसाने माणूस मारण्याचे दृश्य नको. मला वाटते यामुळे मूळ दुखण्याला हात लागत नाही. रक्ताच्या जागी तेल सांडले म्हणून समोरच्याशी असलेले आपले नाते बदलत नाही. दुखणे हे आहे की समोर कोणीही येवो, त्याच्याशी बोलण्याचा एकच मार्ग उरतो.

दुसऱ्या बाजूचा ‘मी’

प्रथमपुरुषाची ही मर्यादा मराठी वाचकाला नवी नाही. शिवाजी सावंतांनी ‘मृत्युंजय’मध्ये एकट्या कर्णाला बोलू दिले नाही. कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, श्रीकृष्ण यांनाही ‘मी’ म्हणून बोलावयास लावले, म्हणून एका माणसाचे सत्य सर्व बाजूंनी दिसले. नवल असे की ‘हाफ-लाइफ’च्या बाबतीतही हेच घडले. १९९९ साली गिअरबॉक्स या दुसऱ्या कंपनीने ‘ऑपोझिंग फोर्स’ हा जोडखेळ काढला. त्यात आपण एड्रियन शेफर्ड नावाचे सैनिक असतो, म्हणजे पहिल्या खेळात ज्यांच्याशी लढलो त्यांच्यापैकीच एक. त्याचे विमान कोसळते आणि आपल्याला कशासाठी पाठविले होते हेही त्याला धड कळलेले नसते. एका क्षणी त्याला दुरून फ्रीमन दिसतो. २००१ साली ‘ब्लू शिफ्ट’ आला. त्यातला ‘मी’ पहारेकरी आहे, तोच, जो पहिल्या खेळात ट्राममधून दार ठोठावताना दिसला होता. त्याच वर्षी ‘डीके’ या खेळात दोन स्त्री-शास्त्रज्ञांना ‘मी’ होण्याची संधी मिळाली. एकच दिवस, एकच अपघात, आणि तो पाहणारे डोळे अनेक. दृष्टिकोन म्हणजे काय हे समजावून देण्यास याहून सोपे उदाहरण शोधावे लागेल.

तरीही हे सर्व ‘मी’ मुकेच होते. २००४ च्या ‘हाफ-लाइफ २’मध्ये व्होर्टिगाँट माणसांचे मित्र झाले, म्हणजे जुन्या हिशेबाची काही फेड झाली, फ्रीमन मात्र तेव्हाही बोलला नाही. मार्च २०२० मध्ये आलेल्या ‘हाफ-लाइफ : अ‍ॅलिक्स’मध्ये खेळणारा अ‍ॅलिक्स व्हान्स या तरुणीच्या डोळ्यांनी जग पाहतो, आणि ती बोलते. घाबरते, थट्टा करते, प्रश्न विचारते. तो खेळ खेळण्यासाठी डोळ्यांवर बांधायचे महागडे यंत्र लागते, त्यामुळे मी तो चलत्‌चित्रांतूनच पाहिला आहे. पण ‘मी’ला वाचा फुटायला बावीस वर्षे लागली आणि ती एका स्त्रीच्या तोंडून फुटली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

समारोप

पहिल्या ‘हाफ-लाइफ’चा शेवट येथे सांगायलाच हवा. अधिपती मेल्यावर तो ब्रीफकेसवाला इसम समोर येतो, फ्रीमनची सारी हत्यारे काढून घेतो आणि त्याला पुन्हा एका ट्रामच्या डब्यात उभा करतो. आपल्या मालकांना तुझे काम पसंत पडले आहे, नोकरी करणार का, असे विचारतो. समोरच्या प्रकाशात पाऊल टाकले तर होकार. टाकले नाही तर निःशस्त्र फ्रीमनला असंख्य शत्रूंच्या घोळक्यात सोडून दिले जाते. सबंध खेळात ‘तुझे म्हणणे काय?’ असे विचारले जाते ते हे एकदाच, आणि त्याचे उत्तरही पायाने द्यायचे असते. नाही म्हणण्याची सोय आहे, पण नाही म्हणून जगण्याची सोय नाही. कदाचित आपल्या नायकाचे दुबळेपण कशात आहे हे निर्मात्यांना पुरते ठाऊक असावे. ज्याला बोलता येत नाही त्याला शेवटी कोणीतरी नोकरीवर ठेवतो, हेच त्यांनी दाखविले आहे.

तेव्हा माझा अभिप्राय असा. दुसऱ्याच्या डोळ्यांनी जग दाखविण्याची कला या खेळाने जेवढी पुढे नेली तेवढी त्यापूर्वीच्या कोणत्याही नेमबाजीच्या खेळाने नेली नव्हती, आणि म्हणून तो अभ्यासण्याजोगा आहे. परंतु डोळे दिले म्हणजे माणूस पुरा होत नाही. आपल्यापैकी संगणकशास्त्राकडे वळलेले आणि आपल्यासारखे साहित्य वाचणारे मिळून उद्या एखादा खेळ मराठीत रचतील, अशी मला आशा आहे. त्यांनी नायकाच्या हातात काय द्यायचे हे ठरविण्याआधी त्याच्या तोंडी काय द्यायचे याचा विचार करावा, एवढीच विनंती.